लिलावाची अखेरची घटका

ऑनलाइन लिलावात नाणे आठ-दहा दिवस मांडून ठेवलेले असले तरी त्याची किंमत बहुधा शेवटच्या दोन-तीन मिनिटांत ठरते. नाण्याची झीज, टांकसाळ, दुर्मीळपणा यांवर विक्रेत्याचा काही अधिकार नसतो. त्याला ठरवता येतात त्या चार गोष्टी: फोटो, वर्णन, सुरुवातीची बोली आणि लिलाव संपण्याची वेळ. पहिल्या तिन्हींवर तो तासन्‌तास घालवतो आणि चौथीचा रकाना सवयीने भरून टाकतो, बहुतेकदा ‘रविवार, रात्री साडेनऊ’ असा. प्रस्तुत लेखकाने नागपुरात बसून स्वतःच्या संग्रहातली जादा नाणी विकायला काढली, तेव्हा बरीच वर्षे हेच केले. पुढे दिलेल्या सूचनांपैकी निम्म्याअधिक त्या काळात बसलेल्या फटक्यांतून आल्या आहेत.

वेळ ठरवण्याआधी लिलाव कोणत्या जातीचा आहे हे पाहावे लागते. काही ठिकाणी वेळ कडक असते: घड्याळात नऊ-तीस-शून्य झाले की बोली बंद, मग कोणी अर्धा आकडा टाइप करून बसलेला असो. काही ठिकाणी वेळ लवचीक असते. शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप पुढे सरकते आणि कोणीच बोलेनासे होईपर्यंत सरकत राहते. मुंबईचे टोडीवाला किंवा ओसवाल, बंगळूरचे मरुधर यांच्यासारख्या लिलावगृहांत लॉट एकापाठोपाठ एक पुकारले जातात. तेथे वेळ गृह ठरवते. विक्रेत्याने फार तर कोणत्या लिलावात माल द्यायचा एवढेच ठरवावे. चौथी जात व्हॉट्सॲप आणि फेसबुकवरच्या ग्रुपांची. भारतात ईबेची शाखा २००४ साली बाझी डॉट कॉम विकत घेऊन उभी राहिली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. तिथे रमलेल्या हौशी मंडळींपैकी अनेकांची बोली आता या ग्रुपांवर चालते. इथे घड्याळ कोणाचे, यावरूनच भांडणे होतात, त्याबद्दल पुढे.

कडक वेळेच्या बहुतेक साइटवर बोली ‘कमाल आकड्या’ची असते. एका ग्राहकाने आपली मर्यादा ४,५०० रुपये नोंदवली, दुसऱ्याने ३,००० आणि बोलीची पायरी १०० रुपयांची असेल, तर नाणे पहिल्याला ३,१०० रुपयांना मिळते. किंमत ठरवतो तो हरणारा, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा ग्राहक. पहिला कितीही उदार असला तरी दुसरा त्या रात्री हजर नसेल, तर ते औदार्य त्याच्याच खिशात राहते. ही यंत्रणा नीट समजली की वेळेचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडता येतो. ‘सगळ्यात जास्त लोक कधी ऑनलाइन असतात’ हा तो प्रश्न नव्हे. या विशिष्ट नाण्यासाठी हट्टाला पेटतील असे निदान दोन जण कधी निवांत बसलेले असतील, एवढेच शोधायचे असते. विक्रेत्याला जत्रा नको, दोघे हवेत. तिसरा मिळाला तर उत्तम.

शेवटच्या क्षणापर्यंत दबा धरून बसण्याची कला संगणकाबरोबर आलेली नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेणबत्तीचा लिलाव चाले. एक इंचभर मेणबत्ती पेटवायची आणि ती विझताना ज्याची बोली शेवटची, त्याचा माल. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याने १६६२ साली अशा एका लिलावात सतत बाजी मारणाऱ्या माणसाची युक्ती नोंदवून ठेवली आहे. ज्योत विझण्याच्या अगदी आधी मेणबत्तीचा धूर खाली उतरतो, हे त्या गृहस्थाने हेरले होते. धूर वळला की तो बोली टाकी. आजचा ग्राहक धुराऐवजी सेकंदकाटा पाहतो, एवढाच फरक.

ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली याच सवयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळी ॲमेझॉनही लिलाव चालवत असे. तेथे शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत वाढे. ईबेवर वेळ कडक होती. अखेरच्या मिनिटांतली झुंबड ईबेवर कितीतरी अधिक आढळली, आणि ईबेवरही संगणकांपेक्षा जुन्या-पुराण्या वस्तूंच्या लिलावांत ती जास्त होती. कारण सरळ आहे. संगणकाची किंमत कोणालाही शोधता येते, जुन्या वस्तूची पारख मात्र मोजक्यांनाच असते. जाणकाराने तीन दिवस आधी बोली लावली तर त्याच्यामागून दहा अर्धजाणते येतात.

नागपूरकर भोसल्यांच्या रुपयांना हे तंतोतंत लागू पडते. या रुपयांवर नाव मोगल बादशहाचे, लिपी फारसी, आणि चकती छापापेक्षा लहान असल्यामुळे अर्धी अक्षरे काठाबाहेर गेलेली असतात. टांकसाळ आणि प्रकार ओळखायचा तो उरलेल्या अक्षरांवरून आणि बारीकशा चिन्हांवरून. प्रशांत कुलकर्णी यांनी भोसल्यांच्या नाण्यांवर लिहिलेले पुस्तक नागपूरच्याच इंडियन कॉइन सोसायटीने काढले. ते पुस्तक पुढ्यात घेऊन फोटो पाहणारा ग्राहक आठवडाभर एक शब्द बोलत नाही आणि शेवटच्या मिनिटाला येतो. शेवटचे मिनिट त्याच्या सोयीचे नसेल, तर तो येतच नाही.

लेखकाचा पहिला मोठा फटका अशाच तीन रुपयांचा. तिन्ही भोसलेकालीन, तिन्हींचा लिलाव एकाच रविवारी रात्री साडेनऊला संपणारा. रविवारी सगळे घरी असतात आणि साडेनऊला जेवणे आटोपलेली असतात, असा हिशेब होता. त्या मोसमात आयपीएल चालू होती, हे लक्षात राहिले नाही. संध्याकाळचा सामना साडेसातला सुरू होतो, म्हणजे साडेनऊच्या सुमारास पहिला डाव संपून दुसरा उभा राहत असतो. पहिला रुपया बऱ्या भावात गेला, दुसरा जेमतेम. तिसऱ्याला सुरुवातीच्या बोलीवर एकच ग्राहक मिळाला आणि तोही तोच, ज्याने पहिला घेतला होता. दुसऱ्या दिवशी इतवारीच्या सराफ्यात ओळखीच्या दुकानदाराने हे ऐकले आणि विचारले, “भाऊ, काल मॅच होती ना? रुपये कोन पाह्यते?” मॅच हे कारण खरेच, पण अर्धेच. उरलेले अर्धे नंतर त्याच रात्रीची यादी चाळताना सापडले: साडेनऊ ते दहा या अर्ध्या तासात मराठा रुपयांचे आणखी पुष्कळ लॉट संपले होते. सगळ्याच विक्रेत्यांनी एकच हिशेब केला होता.

या गर्दीचाही अभ्यास झालेला आहे. उरी सायमनसन यांनी २०१० साली ईबेवरच्या लिलावांच्या नोंदी तपासून दाखवले, की संध्याकाळी बोली लावणारे वाढतात हे खरे, पण त्या आशेने लिलाव संपवणारे विक्रेते त्याहून अधिक वाढतात. दर लॉटमागे ग्राहक कमी पडतात. विकले जाण्याची शक्यताही घटते आणि किंमतही. ग्राहक कुठे आहेत हे प्रत्येक विक्रेता पाहतो, आपल्यासारखे विक्रेते कुठे आहेत हे पाहायचे राहून जाते. बाजाराच्या दिवशी एकाच चौकात संत्र्यांच्या वीस हातगाड्या लागाव्यात तसे हे होते.

म्हणून वेळ निवडण्याआधी दोन आठवडे त्या साइटवर फक्त पाहणी करावी. आपल्यासारखी नाणी कोणत्या वारी, किती वाजता संपतात आणि प्रत्येकावर किती वेगवेगळे ग्राहक आले, एवढे वहीत टिपावे. बोलींची संख्या फसवी असते. दोन जण एकमेकांवर वीस बोली चढवू शकतात. ग्राहकांची संख्या मोजावी. लेखकाच्या वहीत रविवारची रात्र सगळ्यांत गजबजलेली आणि बुधवार-गुरुवारची दहा ते साडेदहा ही वेळ बऱ्यापैकी मोकळी निघाली. तिसऱ्या रुपयाच्याच जातीचे आणखी एक नाणे पुढे गुरुवारी सव्वादहाला संपवले. त्याच्यावर चार जण आले. एका नाण्यावरून नियम निघत नाही, आणि दुसऱ्या साइटवर गुरुवारच गजबजलेला असू शकतो. टिकाऊ आहे ती वहीची पद्धत.

एकाच विक्रेत्याचे अनेक लॉट असतील तर ते एकाच क्षणी संपवू नयेत. कडक वेळेत दोन नाणी एकदम संपली तर एका ग्राहकाला एकाच नाण्यावर नीट लक्ष देता येते. पाच-सहा मिनिटांचे अंतर ठेवले तर पहिल्यात हरलेला माणूस उरलेले पैसे आणि थोडा राग घेऊन दुसऱ्याकडे वळतो. अंतर अर्ध्या तासाचे ठेवले तर तो झोपायला जातो. क्रमही विचाराने लावावा. सगळ्यांत चांगले नाणे सुरुवातीला ठेवले की हरणारे मागच्या नाण्यांना मिळतात. शेवटी ठेवले तर लोक आधीच्या नाण्यांवर हात आखडता घेतात, कारण पैसे राखून ठेवायचे असतात. लेखकाचा कल पहिल्या रीतीकडे आहे.

आता घड्याळ. परदेशी साइट स्वतःच्या देशाचे घड्याळ चालवते. ईबेची अधिकृत वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची आहे. त्या घड्याळातले रविवारी रात्रीचे नऊ म्हणजे भारतात सोमवारी सकाळचे साडेनऊ, आणि अमेरिकेतले उन्हाळी घड्याळ नोव्हेंबरमध्ये मागे घेतले की साडेदहा. भारतात घड्याळ वर्षभर एकच असल्यामुळे हा तासाचा फरक मार्च आणि नोव्हेंबरमध्ये हमखास विसरला जातो. दुबईतले ग्राहक भारताच्या दीड तास मागे असतात. दुबईत कामावरून परतलेल्या मराठी माणसाला आपले रात्रीचे दहा म्हणजे साडेआठ, त्यामुळे ती वेळ त्याच्याही सोयीची.

व्हॉट्सॲपवरचा घोळ याहून साधा आणि याहून महाग. लेखकाने एका ग्रुपवर एक तांब्याची शिवराई मांडली आणि खाली लिहिले: ‘शेवट रविवार रात्री १२.’ निम्म्या ग्रुपने त्याचा अर्थ शनिवार संपून रविवार लागतो ती मध्यरात्र असा घेतला, निम्म्याने रविवार संपतो ती. शनिवारी मध्यरात्री सर्वांत वर असलेल्या गृहस्थांनी नाणे आपले झाले असे समजून पैसे पाठवून दिले. रविवारी आणखी दोन बोली आल्या. पैसे परत करावे लागले, दोन्ही बाजूंची नाराजी पदरात पडली, आणि त्या गृहस्थांनी पुन्हा कधी बोली लावली नाही. रात्रीचे बारा ही वेळ कधीच लिहू नये. ‘रविवार, रात्री १०:१५’ असे तारखेसह लिहावे. कोणाच्या फोनवरची वेळ धरायची, १०:१५ चा शिक्का असलेला संदेश आत की बाहेर, आणि शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर मुदत वाढणार का, हेही आधीच लिहावे. नेट मंद असले की संदेश उशिरा उमटतो, त्यामुळे ग्रुपवर मुदतवाढीचा नियम ठेवणे सगळ्यांत कमी कटकटीचे.

परदेशी ग्राहकांच्या वेळेचा विचार कोणत्या नाण्यासाठी करायचा, हे कायद्याने बरेचसे ठरवून टाकले आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेषात मोडते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. भोसल्यांचा रुपया, शिवराई, राणी व्हिक्टोरियाचा रुपया हे सगळे यात आले. लंडन-न्यूयॉर्कच्या संध्याकाळसाठी नागपुरात पहाटेची वेळ धरून ठेवण्यात मग काही अर्थ उरत नाही. या मालाची बाजारपेठ भारतीय वेळेतच आहे. पुरावशेषांचा धंदा करायचा असेल तर परवाना लागतो, तो विषय वेगळा. शेतात किंवा घराच्या पायात सापडलेल्या नाण्यांचा तर लिलावाशी संबंधच येत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. १९३९ साली वऱ्हाडातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला आणि नागपूरच्या वा. वि. मिराशींनी तो अभ्यासून प्रसिद्ध केला. ती नाणी एकेक करून विकली गेली असती तर त्या राजवंशाच्या यादीतली काही नावे आज आपल्याला माहीतच नसती.

वार आणि तास ठरल्यावर पंचांग पाहावे, आणि ते दोघांचे पाहावे. ग्राहकाचे पंचांग म्हणजे पगार, परीक्षा, क्रिकेट, सण. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत नोकरदार संग्राहकाचा हात मोकळा असतो. मार्चअखेर व्यापारी हिशेबात बुडालेला असतो. पितृपक्षात भाव मंद असतात. संग्राहक स्वतः पितृपक्ष पाळतोच असे नाही, पण घरातले पाळतात आणि पार्सल घरीच येते. दिवाळीचा नियम उलटा आहे. लक्ष्मीपूजनात ठेवायला अनेक घरांत जुना चांदीचा रुपया लागतो, त्यामुळे साधे राजा-राणीछाप रुपये त्या सुमारास सहज उचलले जातात. मात्र लिलाव धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री संपवून उपयोग नाही. पार्सल पोचायला हवे. दहा-बारा दिवस आधी संपवावा. दुर्मीळ नाणी मात्र दिवाळीत काढू नयेत, तेव्हा लोकांचे पैसे कपड्यांत आणि सोन्यात गुंतलेले असतात.

विक्रेत्याचे पंचांग बहुतेक जण विसरतात. शेवटच्या दोन-तीन तासांत प्रश्न येतात: वजन किती, काठाचा फोटो आहे का, डाग गंजाचा की मातीचा. या प्रश्नांना उत्तर मिळाले नाही की सावध ग्राहक बोली कमी करतो किंवा सोडून देतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत असते, तेव्हा नागपूरकर विक्रेता महालातल्या गर्दीत असतो, फोनवर नव्हे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय येतो आणि अर्ध्या शहराचा रस्ता बदलतो. मे महिन्यात संध्याकाळी वादळ आले की लाइट जाते, कूलर बंद पडतो आणि त्याबरोबर घरचे वायफाय. अमरावतीच्या किंवा पुण्याच्या ग्राहकाला यातले काही जाणवत नाही. तो फक्त उत्तर आले नाही एवढेच पाहतो. लेखकाने उन्हाळ्यात लिलाव संपवायचेच झाले तर रात्री दहानंतर संपवावेत, फोन पूर्ण चार्ज ठेवावा आणि वजन-व्यास-काठाचे फोटो पहिल्याच दिवशी टाकून द्यावेत, असा परिपाठ ठेवला आहे.

लिलाव किती दिवसांचा ठेवावा, हाही याच विषयाचा भाग. डेव्हिड लकिंग-रायली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या ‘इंडियन हेड’ सेंटांच्या ईबेवरील लिलावांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. विक्रेत्याची पत, आणि त्यातही तक्रारी, किमतीवर परिणाम करतात हे त्यांना दिसलेच. शिवाय अधिक दिवस चाललेल्या लिलावांना चांगली किंमत येते असेही आढळले. जाणकार दोघे एकाच आठवड्यात ती यादी पाहतील याची खात्री नसते, म्हणून दुर्मीळ नाण्याला दहा दिवस द्यावेत. लोक रविवारी चाळतात, खूण करून ठेवतात. बोली गुरुवारी लावतात. साध्या नाण्याला पाच दिवस पुष्कळ झाले.

काही नाण्यांच्या बाबतीत ही सगळी खटपट व्यर्थ असते. व्हिक्टोरिया ते पंचम जॉर्ज काळातला साधा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि ९१.७ टक्के चांदीचा असतो, म्हणजे त्यात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच उरली, सुमारे ५.८ ग्रॅम. या नाण्यांचा तळभाव चांदीच्या दराला बांधलेला असतो आणि साडेनऊ की सव्वादहा याने पाच-दहा रुपयांहून फरक पडत नाही. तेथे पाहायचा तो चांदीचा दर. वेळेला महत्त्व येते ते ज्याची किंमत दोन माणसांच्या इच्छेवर ठरते अशा नाण्याला: हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून मागे घेतलेला १९११ चा रुपया, किंवा मुंबई टांकसाळीचा १९३९ चा, ज्याच्या नकलाच अस्सलांपेक्षा जास्त फिरतात. आणि वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात वगैरे संदेशांना तर कोणतीच वेळ शुभ नाही. जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून चाललेल्या फसवणुकीबद्दल बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच लोकांना सावध केले आहे.

लिलाव संपल्यानंतरचे चोवीस तासही वेळ निवडताना धरावे लागतात. रात्री सव्वादहाला संपलेल्या लिलावाचे पैसे यूपीआयने त्याच रात्री येऊ शकतात. तेव्हाच निरोप गेला तर उत्साह ताजा असतो. शनिवारी रात्री संपवले तर पोस्ट सोमवारी उघडते. बुधवारी किंवा गुरुवारी संपवले तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्पीड पोस्टने विमा उतरवून पार्सल सोडता येते आणि ते वाटेत रविवारी अडकून पडण्याची शक्यता कमी होते. जिंकणाऱ्याने दोन दिवसांत पैसे दिले नाहीत तर दुसऱ्या क्रमांकाच्या ग्राहकाला त्याच्याच बोलीला नाणे देऊ करावे, पण हे आठवड्याच्या आत. त्यानंतर त्याने ते पैसे दुसरीकडे घातलेले असतात. न विकले गेलेले नाणे लगेच पुढच्या आठवड्यात त्याच वेळी मांडू नये. तेच ग्राहक ते पुन्हा पाहतात आणि ‘पडून राहिलेला माल’ म्हणून बाजूला सारतात. दोन-अडीच महिने थांबून, नवे फोटो काढून, वेगळ्या वारी आणि वेगळ्या तासाला ते आणावे.